ओमुरझाकनं खणलेली कबर

माझ्या आईला बाप मिळाला तो ओमुरझाक आबांच्या तोंडून ऐकण्यापुरता. ती पोटात असताना माझे आजोबा इस्मानाली जर्मनांशी लढायला गेले आणि र्झेव शहराच्या पलीकडच्या कुठल्याशा जंगलात पडले. त्यांचा एक फोटोसुद्धा मागे राहिला नाही. आमच्याच आक-जार गावचे ओमुरझाक त्यांच्या तुकडीत होते. ते लंगडत का होईना, परत आले, आणि आल्या आल्या माझ्या आजीच्या दारात उभे राहून म्हणाले की इस्मानालीला मी माझ्या हातांनी मातीत ठेवलंय. आपल्या रीतीनं, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड करून. कोल्ह्याकुत्र्यांना सोडलेलं नाही.

ही गोष्ट आपा, म्हणजे माझी आई, झोपेतसुद्धा सांगू शकली असती. ल्युबिनो नावाचं गाव, गावाबाहेर जळलेली पवनचक्की, चक्कीमागच्या चढावर बैलाएवढा धोंडा, आणि धोंड्याला लागून कबर. बर्फ वितळायला लागलं होतं. कफन म्हणून सैनिकांचा पांढरा झगा वापरला. लढाई दिवसभर थांबली होती आणि ओमुरझाक दिवसभर खणत होते, तर त्यांचा लेफ्टनंट शिव्या घालत होता की एका माणसासाठी खड्डा खणतोयस की महाल बांधतोयस.

मी डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात हयात घालवली. माणसांच्या गोष्टींवर मी निम्माच विश्वास ठेवतो आणि पुढच्या वळणाला गाडी हळू करतो. पण या गोष्टीवर आमच्या घरात कुणी शंका घेतली नाही. आमच्याकडे मेंढी कापली की मानाचं डोकं ओमुरझाक आबांपुढे ठेवलं जायचं, घरात त्यांच्याहून वयानं मोठा पाहुणा असला तरी. पाहुण्यानं नाक मुरडलं तर आजी म्हणायची, याच्या हातची माती माझ्या माणसाच्या अंगावर आहे. आबा गेले, आजी गेली. आबांच्या घरी मांसाचा वाटा पाठवायची पद्धत मात्र आपानं चालू ठेवली.

मग गेल्या पानगळीत तमारा नावाच्या बाईचा फोन आला. र्झेवकडे काही लोक सुट्टीच्या दिवशी जंगलात जाऊन हरवलेले सैनिक शोधतात, ही त्यांची म्होरकी. एरवी पावाच्या कारखान्यात कामाला. माझ्या मुलीनं तिला सगळी हकीकत कळवली होती. तमारानं गाव शोधलं, चक्कीची जागा शोधली, धोंडासुद्धा शोधला. धोंड्याला लागून माती कधीतरी उकरलेली होती, म्हणून ते लोक खणत गेले, थेट कडक पिवळ्या मातीपर्यंत. काही सापडलं नाही. धातू शोधायचं यंत्रही वाजलं नाही. ना बटण, ना पट्टा, ना हाड.

"खड्डा रिकामा आहे, आजी," ती आपाला म्हणाली. "मला फार वाईट वाटतं."

आपा रडली नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि कणीक मळायला बसली. पुढच्या खेपेला मेंढी कापली तेव्हा आबांच्या घरचा वाटा काढला नाही. गावात असल्या गोष्टी लपत नाहीत. आठवड्याभरात चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं की लढाईवरून परतलेला प्रत्येकजण दोन-चार थापा गाठोड्यात घालूनच आणतो. आबांचा मुलगा कालमुरात एका संध्याकाळी आमच्याकडे आला. साठीला टेकलेला गडी, दारात टोपी हातात धरून उभा. आपानं त्याला आत ये म्हटलं नाही.

"तुझ्या बापानं जन्मभर आमच्या घरी मेंढीचं डोकं खाल्लं," ती म्हणाली. "पडला तिथं सोडून आलो, असं सांगितलं असतं तरी मी त्याला जेवायला घातलं असतं."

मला तिचा राग आला. तिची दयाही आली. सत्तरी ओलांडल्यावर एखाद्या बाईनं पुन्हा पोरकं व्हायचं म्हणजे काय, हे तिच्याकडे पाहून कळत होतं. तिला फारसं काही नको होतं. आजीच्या कबरीवरची मूठभर माती बापाच्या कबरीवर घालायची, तिथली मूठभर आणून आजीच्या उशाशी ठेवायची. त्यासाठी पिशवीही तिनं शिवून ठेवली होती. आता ती माती नेऊन कुठं घालणार?

हिवाळ्यात आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले. कबर खणायला गावचे पुरुष जमतात, तसा मीही गेलो. बायका आमच्याकडे दफनाला येत नाहीत. आधी उभा खड्डा खणायचा, आणि मग तळाशी एका लांब बाजूच्या भिंतीत आडवी खोली कोरायची. माणूस खड्ड्यात ठेवत नाहीत, त्या कोरलेल्या खोलीत ठेवतात. खोलीचं तोंड बंद करतात आणि मग खड्डा भरतात. माझी पाळी आली तेव्हा मी त्या खोलीत पालथा पडून कुदळीनं माती ओढत होतो. वरून कुणीतरी ओरडलं की एसेन, झोप लागली का रे, तुझी वेळ यायचीय अजून. सगळे हसले. मी मात्र खरंच हलायचा थांबलो होतो. परक्या माणसानं हा खड्डा वरून खणला तर त्याला काय सापडेल? कडक माती. आणि माणूस हातभर अंतरावर, भिंतीआड.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. जन्मभर कबरी खणल्या आणि एका फोनवर विश्वास ठेवून बसलो. घरी येऊन आपाला सांगितलं. तिनं कबर आतून कधी पाहिलेली नव्हती, म्हणून चुलीजवळच्या राखेत चित्र काढून दाखवलं. तिनं राखेतली ती आडवी खोली बोटानं गिरवली. मग म्हणाली, आधी बघू, मग बोलू. कालमुरातकडे वाटा तरीही गेला नाही.

बर्फ उतरल्यावर आम्ही निघालो. स्टेशनवर बघतो तर कालमुरात, बगलेत घडी घातलेलं फावडं घेऊन. माझ्या बापाची जीभ खरी की खोटी हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, म्हणाला. कझाकांचं अख्खं माळरान ओलांडेपर्यंत आपा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो दर थोड्या वेळानं उकळतं पाणी आणून तिचा चहा करायचा. ती चहा प्यायची आणि खिडकीला उद्देशून म्हणायची की साखर कमी आहे. तो साखर आणायचा. मी दोघांच्या मध्ये बसून हाडं कुरतडल्यासारखी बिस्किटं खात होतो.

तमारा स्टेशनवर आली होती. आडव्या बांध्याची, पुरुषी बुटांतली बाई. मी फोनवर सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं. इतकी वर्षं खणतोय, पण भिंतीत बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, म्हणाली. तिच्या माणसांनी खड्ड्यातला पाण्याचा गाळ आधीच उपसून ठेवला होता. अडचण एकच होती. गेल्या वेळी त्यांनी खड्डा एका अंगानं, कुठल्या ते आता कुणाला आठवेना, रुंदावून त्याचा चौकोनी हौद केला होता. लांब बाजू कुठली, आखूड कुठली, काही कळायला मार्ग नव्हता.

मी म्हटलं, त्यात काय एवढं, खोली किब्ल्याच्याच बाजूला असणार. फोन काढला. फोननं बाण दाखवला, सरळ दक्षिणेला. मी आणि कालमुरात दक्षिणेच्या भिंतीला भिडलो. पहिल्यांदा भराभर खणलं, मग हळूहळू. पिवळी माती, तिच्यामागे पिवळी माती, कधी कुणी हात न लावलेली. दुपार कलली. माझी कंबर मोडून आली. कालमुरात थांबायला तयार नव्हता. त्याला हाताला धरून वर काढावं लागलं. तो धोंड्याला टेकून बसला, चेहरा मातीनं माखलेला, आणि कुणाकडेच बघेना. तमारा हळूच म्हणाली की आपण चहा घेऊ या. शोध सोडायची वेळ आली की ती तसं म्हणते, हे मला तेवढ्यात कळलं होतं.

आपानं शाल पसरली आणि नमाजाला उभी राहिली. मावळतीकडे तोंड करून. माझं डोकं आधीच फिरलेलं.

"आपा, तिकडे नाही. इथून किब्ला दक्षिणेला येतो. आपल्याकडची गोष्ट वेगळी."

"आता फोनला विचारून नमाज पढू का?" ती म्हणाली. "सूर्य बुडतो तिकडे किब्ला. मला माझ्या आईनं हेच शिकवलंय. तुलाही मीच शिकवलंय."

मी आणखी काही बोलणार होतो, तेवढ्यात धोंड्याकडून आवाज आला.

"एसेन," कालमुरात म्हणाला, "माझ्या बापाकडे फोन कुठं होता?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आबा लढाईवर गेले तेव्हा विशीतला मेंढपाळ पोरगा. नारीन नदीच्या पलीकडचं जग त्यांनी आगगाडीच्या फटीतून पाहिलेलं. मक्का कुठं, र्झेव कुठं, हे त्यांना कोण सांगणार? मावळत बघितली असेल आणि कुदळ मारली असेल.

या खेपेला तमारासुद्धा खाली उतरली. मावळतीच्या भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर माती खरवडली तर एक काळी रेघ निघाली, बोटभर जाडीची. तमारानं ती चिमटीत चोळून वास घेतला. लाकूड, म्हणाली. कुजलेल्या फळ्या, उभ्या लावलेल्या, एका टोकाला दाराची जळकी लाकडी खुंटी. जळक्या चक्कीचं दार असावं. फळ्यांच्या मागची माती भुसभुशीत होती. तमारानं फावडी बाजूला ठेवायला लावली आणि ब्रश घेतला.

ते उजव्या कुशीवर होते. डोकं उत्तरेला, तोंड मावळतीला. पायात बूट नाहीत, अंगावर पट्टा नाही, बटण नाही. आमच्याकडे माणसाला जसा आला तसाच पाठवतात. तमारा म्हणाली की या जंगलातून मी कितीतरी माणसं काढली. वाकडी पडलेली, एकावर एक टाकलेली. असं कुणी निजवलेलं आजवर बघितलं नव्हतं. मग तिनं नाक शिंकरलं आणि माझी पाठ थोपटली, जोरात.

मला मोठ्यानं रडू आलं. लाज वाटली नाही.

आपा आता वर काठावर येऊन उभी होती. बाईमाणसानं जवळ यायची रीत नाही, म्हणून ती तोवर लांबच थांबली होती. आता तिनं मला हात धरायला सांगितलं आणि खाली उतरली. गुडघे धरत बसली, त्या कोरलेल्या खोलीत वाकून बघत. ज्याला कधी हाक मारली नव्हती, त्याला तिनं हाक मारली. "बाबा," म्हणाली, "मी झूराकान." एवढंच. मग पिशवी सोडून आजीची माती त्यांच्या छातीशी हातानं पसरली.

तमारानं सांगितलं की त्यांना स्मारकात मानवंदना देऊन पुरता येईल, किंवा कागदपत्रं करून घरी नेता येईल. तिच्या ओळखीचे अधिकारी आहेत. आपानं विचार करायलाही वेळ घेतला नाही. नीट निजलेल्या माणसाला कशाला उठवायचं, म्हणाली. शिवाय हे घर कुणीतरी दिवसभर खपून बांधलंय.

मग मी आणि कालमुरातनं नव्या फळ्या लावल्या. कबरीवर फावडं एकमेकांच्या हातात देत नाहीत, जमिनीवर ठेवायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं. तसं करत आम्ही अर्धा खड्डा भरला. तमाराची माणसं ते बघून न सांगता तसंच करू लागली. कुराणातल्या मला येतात तेवढ्या आयती मी म्हटल्या. आमच्या रीतीत यानंतर मुल्ला गावाला विचारतो की हा माणूस कसा होता, आणि गाव उत्तर देतं. मी फावड्याकडे वळलो. इथं विचारणार कुणाला? इस्मानालीला पाहिलेलं एकही माणूस जिवंत नव्हतं.

"विचार," आपा म्हणाली. "न विचारता माणसाला निरोप देतात का?"

मी विचारलं, "हा माणूस कसा होता?"

बर्चच्या झाडांत वारा तेवढा होता. तमाराला आमची भाषा कळत नव्हती, पण तिनंही मान खाली घातली. मग कालमुरात पुढे आला.

"चांगला माणूस होता," तो म्हणाला. रीतीप्रमाणे तेवढं पुरे होतं, पण तो थांबला नाही. "बाबा सांगायचे, इस्मानाली इतका बेसूर गायचा की जर्मन आवाजाच्या रोखानं गोळ्या झाडायचे. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, ताई, मेल्या माणसाची थट्टा नको म्हणून. दोघांत मिळून लोकरीच्या मोज्यांचा एकच जोड होता, तुमच्या आईनं विणलेला. एक दिवस यानं घालायचा, एक दिवस त्यानं. इस्मानालीचा दिवस आला की तो म्हणायचा, आज माझे पाय गरम आहेत, तूच घाल. बाबा म्हणायचे, माझे पाय घरी आले ते त्याच्यामुळे."

आपा त्याच्याकडे बघत होती. त्या पानगळीपासून पहिल्यांदाच त्याच्याकडे, खिडकीकडे नाही. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

"आणि ओमुरझाक?" तिनं विचारलं. मुल्लाच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ओमुरझाक कसा माणूस होता?"

कालमुरातचे ओठ हलले, पण मुलानं बापाचं कसं सांगायचं? मीही तोंड उघडलं होतं. आपानं हात वर करून मला थांबवलं.

"चांगला माणूस होता," ती म्हणाली. मग कालमुरातच्या पायाशी जमिनीवर पडलेलं फावडं तिनं उचललं, आमच्या गावात कुठल्याही बाईनं उचललं नसेल ते, आणि आपल्या हातची पहिली माती ओढत पुन्हा म्हणाली, "खरा माणूस होता."