नमुन्यांच्या पेटीतलं सरबत

मित्रांनो, मी एक जुनी थंडपेटी आहे आणि साहेबांना पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडलं ते मीच. आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलंच नाही. पेटी बिचारी कोणाचं काय वाकडं करणार?

माझा जन्म कारखान्यात झाला. बाहेर निळं प्लास्टिक, आत थर्माकोल, पोटात बर्फ. नोकरी लागली जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. आजारी गुरांच्या रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत गार पोचवायच्या, एवढंच माझं काम. डॉक्टरताई मला स्कूटरला बांधून गावोगाव हिंडवायच्या. लोक आभार ताईंचे मानायचे. मला एकदा एका म्हशीने चाटलं. माझा तेवढाच सत्कार.

मग नवे साहेब आले. पाठोपाठ वरून हुकूम आला : जनावरांच्या आजारांवर देशभर नजर ठेवण्यात किती प्रगती झाली, ते मोजा. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला. आजार सापडला की लाल टिकली, नाही सापडला की हिरवी. हिरवं वाढलं की प्रगती!

"नमुना पाठवला की आजार सापडतो," ते ताईंना म्हणाले. "मग पाठवता कशाला?"

बघता बघता सगळी जनावरं तक्त्यावर ठणठणीत झाली. माझ्यात सरबताच्या बाटल्या आल्या. साहेब माझ्या झाकणावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधू लागले. मी सगळं लक्षात ठेवत होते.

एका सकाळी शेळीवाल्या काकू आल्या, छातीशी करडू धरून.

"तीन गेल्या हो ताई. बाकीच्यांची नाकं गळतायत, चाऱ्याला तोंड लावत नाहीत. सगळा गोठा रिकामा होईल."

"तुमच्या भागात आजार नाही," साहेबांनी हिरवी टिकली दाखवली.

"शेळ्यांना कोणी कळवलं नाही वाटतं," काकू म्हणाल्या.

ताईंनी गुपचूप करडाचं रक्त घेतलं, नळी घट्ट बंद करून माझ्या तळाशी ठेवली आणि गाडी शोधायला गेल्या. गाडी मात्र साहेबांची प्रगती बघायला येणाऱ्या पाहणी समितीला आणायला गेलेली. तेवढ्यात साहेबांनी माझ्यात बाटल्या रचल्या.

माझ्याकडे मालमत्ता म्हणजे बर्फ. तो सगळा मी नळीभोवती आवळून धरला. बाटल्यांना गारवा दाखवलासुद्धा नाही.

समिती आली. अध्यक्षबाईंनी सरबताचा घोट घेतला. "साहेब, हा चहा आहे का?"

"खालची गार असेल, मॅडम!" साहेबांनी कोपरापर्यंत हात घातला आणि सगळ्यात गार वस्तू बाहेर काढली.

"ही कोणत्या चवीची?" बाईंनी नळी निरखत विचारलं.

"करडाचं रक्त आहे, मॅडम," ताई दारातून म्हणाल्या. "तपासणीला पाठवायचंय."

साहेबांचा चेहरा तक्त्यासारखा हिरवा झाला. मित्रांनो, तो क्षण मी अजून बर्फात जपून ठेवला आहे.

नळी बाईंच्याच गाडीतून गेली. आजार सापडला, आसपासच्या कळपांना लस मिळाली, काकूंच्या उरलेल्या शेळ्या वाचल्या. बाईंनी शेरा मारला : आजार सापडतो, म्हणजे यंत्रणा जागी आहे. आणि आजार स्वतःच्या हाताने वर काढणारे अधिकारी म्हणून साहेबांना बढती मिळाली!

मित्रांनो, जनावर आजारी दिसलं तर लगेच कळवा. तक्ता लाल झाला तर होऊ दे, जनावर वाचू दे.

सबब वरिष्ठांना नम्र विनंती की, बढती मिळालेल्या साहेबांना घडी घालून, बर्फ न देता, भर उन्हाळ्यात माझ्यातून प्रयोगशाळेत रवाना करावे. झाकण लावण्याचे अधिकार शेळीवाल्या काकूंना असावेत. नमुना वाटेत ओरडल्यास पेटी उघडू नये.