वजन बघा

"मी काय स्टेपनी हाय व्हय, काढून ठिवायला?" मल्लव्वा पिकअपच्या पुढच्या सीटवरून म्हणाली आणि तिनं दार आतून ओढून घेतलं.

दाराबाहेर गुरप्पा उभा होता. त्याच्या पायाशी खरोखरच स्टेपनी पडली होती. शेजारी जॅक, ताडपत्री, पाण्याचा जार, बाजारात बसायचे दोन स्टूल आणि एक टेप, जो बंद पडून इतकी वर्षं झाली होती की आपण कधीकाळी वाजायचो हे त्यालाही आठवत नसावं.

"उतर म्हणलो न्हाय मी. आजच्या दिस घरी ऱ्हातीस का, यवडंच इचारलं."

"मग चादरी कोन इकनार? तुमी? गिऱ्हाइकानं भाव केला की तुमी म्हनता, परवडत न्हाय तर नगा घिऊ. त्ये खरंच घेत न्हाय."

हा मुद्दा बिनतोड होता. गुरप्पानं विषय बदलला आणि डॅशबोर्डकडे वळला. तिथं सिद्धेश्वरांचा काचेच्या फ्रेममधला फोटो होता. गुरप्पानं बराच वेळ विचार केला. मग काच काढली. देव ठेवला.

सोलापुरात माणसाला कुणी ॲव्हरेज म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. गाडीला मात्र चांगलं ॲव्हरेज आहे म्हटलं की मालकाची छाती फुगते. गुरप्पाची छाती गेली काही वर्षं फुगली नव्हती. पिकअप म्हातारी झाली होती आणि डिझेल अशी पीत होती, जणू तिला डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं आहे. शेवटी त्यांच्या मुलानं, महेश्वरनं, निकाल लावला. लिटरला बारा किलोमीटर दिले तर गाडी राहील. नाहीतर उद्या सकाळी ईरप्पा येऊन तिला घेऊन जाईल. ईरप्पा जुन्या गाड्या घ्यायचा. त्या पुढे कुठं जातात, हे गाड्यांना कळू देत नसे.

गाडी गेली की आठवडी बाजार गेले. बाजार गेले की दोघांनी घरी बसून टीव्ही बघायचा, असं ठरलं होतं. टीव्ही मोठा होता. महेश्वरनंच आणला होता.

या सगळ्यावर गुरप्पा फक्त "बघू" म्हणाला होता. त्याच्या "बघू"चा अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता, कारण तो दर वेळी वेगळा असायचा.

हायवेवरच्या पंपावर महेश्वर आधीच येऊन थांबला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काळं हेल्मेट. त्याचं नवी पेठेत चादरींचंच दुकान होतं, पण त्याला काचेचं दार होतं. त्यानं समोर उभं राहून टाकी फुल्ल करून घेतली आणि किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढला.

"अप्पा, परत येताना हितंच भरायचं. जितकं डिझेल बसेल, तितकं जळलं. सरळ हिशोब. बारा."

"आन् साडेअकरा दिलं तर?"

"बारा, अप्पा."

पिकअप मोडनिंबच्या रस्त्याला लागली. तिथून पुढे करकंबचा बाजार गाठायचा होता. गुरप्पानं चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मार्चचं ऊन होतं, आणि खिडक्यांच्या काचा बंद होत्या.

"आवो, काच तरी खाली घ्या. उकडून बटाटा झालाय माझा."

"काच उगडली की वारं आत शिरतंय. गाडीला मागं वडतंय. ॲव्हरेज जातंय."

"आन् मी गेले म्हंजे?"

"घाम जाऊ दे. वजन बी कमी हुतंय."

उसाचा एक ट्रॅक्टर, भरलेल्या दोन ट्रॉल्यांसकट, त्यांना ओव्हरटेक करून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. गुरप्पानं ती सहन केली. थोड्या वेळानं त्याची नजर मल्लव्वाच्या मांडीवरच्या भाकरीच्या फडक्याकडे गेली.

"खाऊन टाकू का ती?"

"पोटात गेली तरी गाडीतच ऱ्हानार की वो!"

गुरप्पानं यावरही विचार केला. ती बरोबर होती.

"महेशला बाराशी काय घेनं न्हाय," मल्लव्वा कपाळ पुसत म्हणाली. "त्येच्या लग्नाचं बोलायला मानसं येत्यात. आईबाप बाजारात फतकल मारून चादरी इकत्यात, ह्ये त्येला सांगवंना. गाडीचं नाव फुडं करतोय."

"ठावं हाय मला."

"मग कशापायी ही कसरत?"

"त्येनं गाडीचं नाव काडलंय न्हवं? मग गाडीनंच जवाब दिला पायजे."

गाडीनं जवाब मोडनिंबच्या अलीकडे दिला. मागून फाट्‌ असा आवाज आला आणि पिकअप एका बाजूला कलली. टायर घट्ट असला की गाडी कमी पिते, असं कुणीतरी सांगितल्यावरून गुरप्पानं सकाळी हवा जरा सढळ हातानं भरली होती. ती आता बाहेर येऊन मोकळी झाली होती.

दोघं उतरली. दोघांनी टायरकडे पाहिलं. मग सवयीनं दोघांनी वाकून गाडीखाली स्टेपनीच्या जागी पाहिलं. तिथून पलीकडचं शेत छान दिसत होतं.

गुरप्पानं मुलाला फोन लावला. "महेश, आरं दारात स्टेपनी पडलीया बग. ती घिऊन ये. व्हय, मोटरसायकलवर. व्हय, जॅक बी." मग बराच वेळ तो फोन कानापासून लांब धरून उभा राहिला.

मल्लव्वा फोन संपायची वाट बघत बसली नाही. तिनं गठ्ठा सोडला. एक चादर बॉनेटवर टाकली, दोन मागच्या फाळक्यावर, एक आरशाला लटकवली. हायवेवर बंद पडलेली गाडी बघता बघता दुकान झाली. आणि तिनं नेहमीची आरोळी ठोकली.

"नुसतं बगू नगा, उचलून बगा! वजन बगा! हलकं घ्याल तर एका धुण्यात जाळी हुईल! भारी घ्या, भारी!"

गुरप्पा ही आरोळी तीस वर्षं ऐकत आला होता. खरं तर त्यानंच ती तिला शिकवली होती. चादर हातात घेतल्यावर मनगट खाली गेलं पाहिजे, तर माल खरा, हे तो गावोगाव सांगत फिरला होता. आणि त्याच माणसानं आज पहाटेपासून देवाची काचसुद्धा सोडली नव्हती. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि मल्लव्वाला म्हणाला, "भाकरी दे."

महेश्वर आला तेव्हा गाडीभोवती चांगली सात-आठ माणसं होती. मोटारसायकलच्या मागं स्टेपनी दोरीनं बांधलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई माहेरी निघाली आहे. त्यानं जॅक लावला, चाक बदललं, पंक्चर टायर मागं टाकला. शर्टाची इस्त्री गेली. पण हेल्मेट डोक्यावरच होतं, आणि त्याची काळी काचही खाली होती.

"ए हेल्मेट!" करकंबचे हिंदुराव नावाचे एक गिऱ्हाईक होते, त्यांनी हाक मारली. "जरा ह्या चादरीचं टोक धर की. लांबी बगू दे."

महेश्वरनं टोक धरलं. दुसरं मल्लव्वानं धरलं. चादर उन्हात ताणली गेली. हिंदुरावांनी ती वरून, खालून, उजेडात धरून पाहिली आणि पसंत केली. मग घडी घालायची होती. दोघं मायलेक एकमेकांकडे चालत आले. टोकाला टोक लागलं. पुन्हा मागं गेले, पुन्हा जवळ आले. चौथ्या घडीला महेश्वरचा हात आपसूक कड झटकून सरळ करून गेला. हे त्याला लहानपणी शिकवलेलं होतं. काचेच्या दुकानात ते काम नोकर करायचे.

"गडी नवा ठिवलाय व्हय?" हिंदुरावांनी विचारलं.

मल्लव्वानं हेल्मेटकडे नीट पाहिलं.

"व्हय. तोंड दावत न्हाय, पर घडी बरी घालतो."

हेल्मेटनं घडी हिंदुरावांच्या हातात दिली.

करकंबचा बाजार आता गाठण्यात अर्थ नव्हता. गुरप्पानं गाडी सोलापूरकडे वळवली आणि पहिलं काम केलं ते दोन्ही काचा खाली घेतल्या. वारं आत शिरलं, मल्लव्वाचा पदर उडाला, गाडी मागं ओढली गेली असेल तर गेली. पुढे एक उसाचा ट्रॅक्टर दिसला. गुरप्पानं ॲक्सिलरेटर दाबला आणि लांबलचक हॉर्न देत त्याच्या पुढे गेला. हा सकाळचा ट्रॅक्टर नव्हता. याचा काहीच दोष नव्हता.

पंपावर टाकी पुन्हा फुल्ल झाली. मागोमाग आलेल्या महेश्वरनं हिशोबासाठी फोन तोंडासमोर धरला. फोन उघडेना. त्यानं फोन पुसला, पुन्हा धरला.

"बगा," मल्लव्वा खिडकीतून म्हणाली, "फोन बी वळखंना झालाय."

महेश्वरनं हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं. आत त्याचा चेहरा घामानं ओला होता. फोननं लगेच ओळखलं. त्यानं आकडे मारले आणि कोरड्या आवाजात सांगितलं, "नऊ पॉइंट सहा."

डिझेल भरणारा माणूस नळी हातात धरून थांबला.

"अप्पा, ठरलं होतं आपलं."

"धाव्वीला तुला किती पडलं?" गुरप्पानं विचारलं.

"त्याचा हितं काय संबंध?"

"किती?"

महेश्वरनं नळीवाल्याकडे पाहिलं. नळीवाल्यानं आदरानं आकाशाकडे पाहिलं.

"छत्तीस टक्के."

"छत्तीस. आन् मी ह्याच गाडीनं सगळ्या पाव्हन्यांत पेढं वाटलं. हॉर्न वाजवीत. लोक म्हनलं, गुरप्पा, पोरगं बोर्डात आलं काय? म्हनलो, पास झालंय. तवा मी म्हनलो न्हाय, ह्ये पोरगं ॲव्हरेज दीना, ईरप्पाला बोलवा."

"मी म्हनले हुते," मल्लव्वा आतून म्हणाली. "पर तवा ईरप्पाचा धंदा न्हवता."

नळीवाला हसला आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. महेश्वर हसला नाही. पण तोंड झाकायला आता त्याच्याकडे काही नव्हतं, त्यामुळे ओठ कुठं चालले आहेत ते सगळ्यांना दिसलं.

"नवाला चालतीया, तर नवाला चालंल," गुरप्पा गाडीत बसत म्हणाला. "ईरप्पा आला तर त्येला चा पाज. आन् एक चादर इक."

मल्लव्वानं बॉनेटवरचं हेल्मेट आत ओढून सीटवर ठेवलं. गाडी निघाली. मागून महेश्वरची मोटारसायकल येत राहिली, उघड्या तोंडानं, नवी पेठेच्या गर्दीतून थेट घरापर्यंत. दोन दुकानदारांनी त्याला हाक मारली, पुढच्या गाडीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. त्यानं काय उत्तर दिलं, ते पुढच्या गाडीला ऐकू आलं नाही.

दिवेलागणीला गुरप्पानं दारातलं सगळं सामान पुन्हा गाडीत चढवायला घेतलं. ताडपत्री. स्टूल. पाण्याचा जार. बंद टेप. फुटका टायर दुसऱ्या दिवशी पंक्चर काढायला म्हणून पुढे ठेवला. देवाला काच लावली, ती पदरानं पुसायला मल्लव्वा आली. मग सीटवर ते हेल्मेट सापडलं. गुरप्पानं ते चादरीसारखं हातावर तोललं. मनगट जरा खाली गेलं.

तो अंगण ओलांडून गेला आणि हेल्मेट महेश्वरच्या मोटारसायकलच्या आरशाला अडकवून आला. दिवसभरात गाडीतून तेवढंच एक वजन खऱ्या अर्थानं कमी झालं.