मंद चालीचा मास्तर

मित्रांनो, विद्यापीठाच्या भाषा प्रयोगशाळेत खिडकीशी बसलेला म्हातारा टेपरेकॉर्डर तो मीच. माझी बटणं झिजली आहेत, झाकण सुतळीने बांधलेलं आहे. पण एके काळी माझा काय थाट होता! रोमान्स भाषांची पदवी घ्यायला आलेल्या मुलांना फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन बोलायला मीच शिकवलं. प्राध्यापक स्वतः व्याकरणात बुडालेले असत. "उच्चार याच्याकडून शिका," असं ते माझ्या पाठीवर थाप मारून सांगत. मी अगदी फुगून जात असे.

मात्र कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही माझ्या पोटातला रबरी पट्टा बदलायचं सुचलं नाही. तो सैल पडला आणि माझी चाल मंदावली. कॅसेटमधली चुणचुणीत इटालियन बाई पेंगुळलेल्या पहिलवानासारखी बोलू लागली. मला कळत होतं, पण सांगणार कसं? मला स्वतःचा आवाज कुठे आहे!

त्या वर्षी इटालियन घेणारी एकच मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत. तिचे वडील शिंपी. "तोंडी परीक्षेत नापास झालीस तर शिक्षण पुरे, दुकानात बसायचं," असं त्यांनी तिला बजावलं होतं. बिचारी दोन वर्षं रोज माझ्यासमोर बसून घोकत होती. तो जड आवाज, ते लांबलेले शब्द तिने जसेच्या तसे उचलले. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

परीक्षा माझ्याच खोलीत झाली. परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. इटालियन त्यांची मातृभाषा.

"स्टेशनकडे कसं जायचं?" त्यांनी इटालियनमध्ये विचारलं.

चिमणीने खर्जात, एकेक शब्द ओढत उत्तर सुरू केलं. बाईंनी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला.

"बरं वाटत नाहीये का गं? डॉक्टरांना बोलावू?"

"अहो, अगदी टेपबरहुकूम बोलतेय ती!" असं म्हणत प्राध्यापकांनी माझं बटण दाबलं. दोनच वाक्यं ऐकून बाई हसत सुटल्या.

"मुलगी ठणठणीत आहे. आजारी आहे ते हे यंत्र!"

चिमणीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा तोल सुटला.

"ठोंब्या! दोन वर्षं तुझ्यापायी मी म्हशीसारखी रेकतेय! आता बाबा मला जन्मभर काजं करायला बसवतील. तुला खिडकीतून फेकून देऊ का?"

हे सगळं तिने इटालियनमध्ये, एका दमात सुनावलं. यातलं एकही वाक्य कॅसेटमध्ये नव्हतं. प्राध्यापक आ वासून बघत राहिले. बाईंनी पेन उचललं.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "अजून काय काय केलं याने?"

चिमणीकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

ती उत्तम गुणांनी पास झाली. दुसऱ्या दिवशी तिनेच नवा पट्टा आणून बसवला आणि सुतळीही बदलली. मित्रांनो, तुम्हाला शिकवणाऱ्याची तब्येत अधूनमधून विचारत जा, एवढीच माझी विनंती आहे. त्या दिवशी गुण तिला मिळाले आणि शिव्या मला. पण काय अस्खलित शिव्या होत्या हो त्या! ऐकून माझा ऊर भरून आला.