दोनशे चौदा भांडी आणि तेवीस सोयी

वडगाव मावळच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत चैताली आणि आवेज यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि खालून दिवसभर येणारी घरघर. चैताली कान्ह्याची, आवेज लोणावळ्याचा. कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते. नंतर पुण्यात तीन-चार वर्षं नोकऱ्या केल्या, त्यांना कंटाळले आणि परत आले.

त्यांनी ‘नोंदपेटी’ नावाचा एक डेटाबेस बनवला होता. ज्यांचा कारभार अजून वह्यांवर चालतो, म्हणजे गावची वाचनालयं, मंगल कार्यालयं, महिला मंडळं, त्यांनी वहीऐवजी मोबाईलवर किंवा टॅबवर नोंदी ठेवाव्यात, अशी कल्पना. पहिली आवृत्ती बरी चालली. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी उत्साहाच्या भरात तेवीस नव्या सोयी घातल्या आणि मग प्रश्न उभा राहिला, की पेटी गिऱ्हाइकाच्या हातात जाईल तेव्हा यातल्या कुठल्या आधीपासून चालू असाव्यात आणि कुठल्या बंद.

आवेजचं म्हणणं, सगळ्या चालू द्याव्यात, कारण गिऱ्हाईक सेटिंग कधीच उघडत नाही. चैतालीचं म्हणणं, सगळ्या बंद द्याव्यात, कारण गिऱ्हाईक सेटिंग कधीच उघडत नाही. मुद्द्यावर एकमत असल्यामुळे वाद मिटायला काही जागाच राहिली नव्हती. तो नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी गिरणीवाला वर आला आणि म्हणाला, गिरणी चालू असताना तुमचं भांडण खाली ऐकू येतं, तेव्हा जरा बघा.

शेवटी चैतालीने सुचवलं, की एका पेटीत सगळं चालू ठेवू, दुसरीत सगळं बंद ठेवू, आणि दोन्ही आत्याकडे देऊ.

आत्या म्हणजे चैतालीची आत्या, कस्तुराबाई. इंदुरीच्या बुद्धविहाराच्या महिला मंडळाची भांडी तिच्या ताब्यात होती. पातेली, पराती, कढया, पिंपं, जग आणि ताटांचे गठ्ठे धरून दोनशे चौदा नग. आसपासच्या पाच-सहा गावांत लग्न असो, बारसं असो की कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, भांडी इंदुरीहून जात. कस्तुराबाई जुनी सातवी शिकलेली. दोन जाड वह्यांत तिने सोळा वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या. कुणी काय नेलं, कधी आणलं, कुठल्या पातेल्याला पोचा पाडला, सगळं. चौदा एप्रिल तीन आठवड्यांवर आली होती. जयंतीला यातलं एकूण एक भांडं लागणार होतं, त्यामुळे परीक्षा घ्यायला याहून चांगली वेळ नव्हती.

सगळ्या सोयी चालू असलेला टॅब कस्तुराबाईला दिला आणि सगळ्या बंद असलेला तिच्या सुनेला, हिराला. दोघींनी एकेका वहीच्या नोंदी आपापल्या टॅबमध्ये भरायच्या असं ठरलं. आवेजने कस्तुराबाईला हात जोडून सांगितलं, “मावशी, काही अडलं तर फोन करा.” ती म्हणाली, अडायला काय झालं, भांडीच तर लिहायची आहेत.

पहिले तीन दिवस फोन आला नाही. दोघांनीही याचा अर्थ आपापल्या बाजूने लावला.

आता हिराकडे काय झालं ते आधी सांगतो. हिरा झपाझप लिहिणारी. तीन दिवसांत तिने अख्खी वही उतरवली. चौथ्या दिवशी सकाळी ती कणीक मळत होती, टॅब ओट्यावर होता आणि त्यावर पीठ उडालं. तिने पदराने पुसलं. पदर ‘सर्व निवडा’वरून फिरला आणि तिथून ‘काढून टाका’वर आला. खरंच काढायचं का, असं विचारणं ही तेवीस सोयींपैकी आठवी सोय होती आणि ती बंद होती. काढलेलं महिनाभर जपून ठेवणारा डबा ही नववी होती, तीही बंद. पाचशे नोंदी एका फटक्यात गेल्या आणि स्क्रीन धुतल्या ताटासारखी स्वच्छ झाली.

हिराने आरडाओरडा केला नाही. तिने टॅब तांदळाच्या डब्यात ठेवला आणि कुणी विचारलं की तो चार्जिंगला लावलाय असं सांगू लागली. दोन दिवस तिने तसंच सांगितलं.

ते उघडकीला आलं नसतं असं नाही, पण तेवढ्यात सासूच्या टॅबने मोठा घोळ घातला.

कस्तुराबाईच्या पेटीत सगळं चालू होतं. ती दर पाच मिनिटांनी पासवर्ड मागायची. कस्तुराबाईने पासवर्ड टॅबच्या पाठीवर खडूने लिहून ठेवला होता. तेवढं निभावलं. पण जुन्या नोंदींमध्ये भांडं आणल्याची तारीख बऱ्याच ठिकाणी नव्हती. भांडं आलं की कस्तुराबाई वहीत त्या ओळीवर फक्त एक रेघ मारायची. रेघ टॅबमध्ये कशी भरायची हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने ती भरली नाही. पेटीने हिशेब केला, की ही सगळी भांडी अजून परत आलेली नाहीत. शेवटची नोंद भरून झाल्यावर, मंगळवारी सकाळी दहा वाजता, वहीत नंबर असलेल्या एकशे अडतीस जणांना पेटीने आपणहून मेसेज पाठवला.

मेसेज आवेजने स्वतः लिहिलेला होता. ‘आपण नेलेले भांडे परत करण्यास इतके इतके दिवस उशीर झाला आहे. कृपया त्वरित परत करावे.’ दिवसांचा आकडा पेटी घालायची. कुणाला नऊशे, कुणाला तीन हजार.

आणखी एक गोष्ट घडली. सारखी दिसणारी नावं एकच समजून जोडून टाकणं ही चौदावी सोय. पंचक्रोशीत रतन नावाचे तीन जण होते. पेटीने त्यांचा एक केला. इंदुरीच्या रतनने एकदा एक जग नेला होता आणि दुसऱ्या दिवशी परत दिला होता. त्याला साठ ताटं, दोन कढया आणि एक पिंप परत करण्याचा हुकूम गेला.

दुपारी बारापासून माणसं यायला लागली. जयंतीच्या तोंडावर विहाराची भांडी दाबून ठेवल्याचा बोल कुणालाच नको होता. ज्यांच्याकडे खरोखर काही राहिलं होतं ते घेऊन आले, आणि ते बरेच होते. ज्यांच्याकडे काही नव्हतं तेही काहीतरी घेऊन आले. एका बाईने घरातली नवीकोरी परात आणली. वाद नको म्हणाली. रतनच्या बायकोने तर शेजारच्या गावच्या मंडळाकडून साठ ताटं मागून आणली आणि ओसरीवर मांडून, मोजून घ्या असं म्हणून तोंड फिरवून उभी राहिली. चैताली आणि आवेज फोन आल्यावर स्कूटरवरून पोचले तेव्हा विहाराच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा नगांचे तीनशे एक झाले.

कस्तुराबाई मधोमध बसून एकेक भांडं उलटं करून नाव वाचत होती.

“तुमची पेटी भांडी वाढीवतीया,” ती म्हणाली. “आमच्या वहीनं आजपातूर येकबी वाढीवलं न्हवतं.”

आवेज खाली बसला आणि ताटांचे गठ्ठे लावायला लागला. चैतालीला आतून बरं वाटत होतं आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ती पराती मोजत होती. तिचं ते बरं वाटणं फार टिकलं नाही. कस्तुराबाईने पडताळून बघायला दुसरा टॅब मागितला, हिरा घरून तांदळाचा डबा घेऊन आली आणि तिने सगळं सांगितलं. चैतालीने टॅब डब्यातून काढला, तर स्क्रीन कोरी. काढण्याआधी विचारणं म्हणजे माणसाचा वेळ खाणं, हे वाक्य तिने वादाच्या त्या नऊ दिवसांत निदान वीसदा म्हटलं होतं.

उन्हं कलल्यावर जांभवड्याचे श्रीपती आले. सत्तरी ओलांडलेले, सायकल हातात धरून चालत आलेले. सायकलच्या मागे दोरीने बांधलेलं मोठं पातेलं. कस्तुराबाई त्यांना बघून उठली. त्यांची बायको सरूबाई मंडळातच होती. आठ महिन्यांपूर्वी ती गेली होती.

श्रीपतींनी दोरी सोडली, पातेलं खाली ठेवलं आणि खिशातून एक साधा, बटणांचा फोन काढला. मेसेज त्यांना वाचता येत नव्हता, शेजाऱ्याने वाचून दाखवला होता. तो सरूबाईच्या नावाने होता. चार हजार सव्वीस दिवस उशीर.

आवेजला वाटलं जमीन दुभंगावी. तो उठून त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “आबा, चूक आमची आहे. हा मेसेज जायलाच नको होता.”

“का रं?” श्रीपती म्हणाले. “तिचा फोन मी रोज चार्जिंगला लावतो. आठ म्हैन्यांत आज पयल्यांदा वाजला.”

ते पुढे सांगत राहिले. बायको काय कुठं ठेवायची ते त्यांना कधीच कळलं नव्हतं. मेसेज आला म्हणून माळ्यावर चढले तर पातेलं सापडलं, आणि पातेल्यात तिने जुन्या साडीत बांधून ठेवलेली चिंच. मीठ लावून, बिया काढून, दोन वर्षं पुरेल एवढी. ते गेले आठ महिने शेजारून चिंच मागून आणत होते. हे सांगताना त्यांना हसू आलं, मग कस्तुराबाईलाही आलं. ती म्हणाली, “सरू तशीच. मंडळाचं पातेलं अन त्यात घरची चिंच.”

मग त्यांनी विचारलं, की पातेलं जमा झालं म्हणजे तिचं नाव काढून टाकणार का. कस्तुराबाईने वही उघडून दाखवली. रेघांखालचं प्रत्येक नाव वाचता येत होतं. “मी रेघ मारते, भाऊ. खोडत न्हाई,” ती म्हणाली. त्यांनी टॅबकडे बोट केलं. आवेजने पातेलं जमा केलं आणि नोंद उघडली. जुन्या नोंदी राखून ठेवणं ही एक सोय त्या पेटीत चालू होती, त्यामुळे नाव तिथं होतं. सरूबाई श्रीपती, मोठं पातेलं, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. श्रीपतींनी ते वाचायला लावलं, ऐकलं आणि चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी चैताली आणि आवेज तेवीस सोयींचा कागद घेऊन कस्तुराबाईसमोर बसले. आता दोघांपैकी कुणालाच ठामपणे काही म्हणायची हिंमत नव्हती. कस्तुराबाई गवारीच्या शेंगा निवडत होती. चैताली एकेक सोय समजावून सांगायची आणि ती ऐकायची. चार-पाच झाल्यावर तिने हात थांबवला.

“हे बघा, माज्या हातनं चुकलं तर मला सावरता आलं पायजे. तसलं समदं चालू ठिवा,” ती म्हणाली. “अन पेटीला माज्या तोंडानं कुणाशी बोलायचं आसंल, तर आदी मला इचारायचं. न्हाईतर गप बसायचं.”

त्यानंतर काम भराभर उरकलं. काढण्याआधी विचारणं चालू. काढलेलं जपणारा डबा चालू. जुन्या नोंदी राखणं आणि रोजची एक नक्कल दुसरीकडे ठेवणं चालू. टोप म्हणा, पातेलं म्हणा की भगुनं म्हणा, शोधलं की सापडलं पाहिजे, तेही चालू. ते चैतालीला फालतू वाटलं होतं, पण तिने वाद घातला नाही. मेसेज बंद. नावं जोडणं बंद. आवेजने नाव जुळवण्याचं गणित समजावून सांगायचा एक प्रयत्न केला, तर कस्तुराबाई म्हणाली, तिन्ही रतन तिला लांबूनसुद्धा वेगळे दिसतात. पासवर्डाचा विषय निघाला तेव्हा तिने टॅबची पाठ दाखवली. तोही बंद. शेवटी तिने विचारलं, अक्षरं मोठी करायची सोय यात कुठली. तसली सोय तेविसांत नव्हतीच. कुणाला सुचली नव्हती. ती चोविसावी झाली आणि आधीपासून चालू राहिली.

हिराच्या वहीच्या नोंदी चैतालीने स्वतः बसून परत भरल्या. इंदुरीत दोन दिवस राहिली ती. हिरा तिच्याशेजारी बसून अक्षर लावून द्यायची आणि मधूनमधून पदराने टॅब पुसायची. चैताली दर वेळी दचकायची, पण पेटी आता विचारत होती.

जयंती दणक्यात झाली. भांडी कमी पडली नाहीत, हे सांगायला नकोच. नंतर उरलेली सत्त्याऐंशी परकी भांडी आवेज आणि चैतालीने भाड्याच्या टेम्पोत घालून गावोगाव परत केली. काही घरांनी ती आपली नाहीत म्हणून सांगितलं. एका घरी त्यांना जेवूनच जायला लावलं. नव्या परातीच्या बाईने परात परत घ्यायला साफ नकार दिला. दिलेलं दिलं म्हणाली. ती परात मंडळाची दोनशे पंधरावी झाली.

जूनमध्ये नवी आवृत्ती बाहेर पडली. पहिल्याच आठवड्यात लोणावळ्याच्या एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरचा तक्रारीचा फोन आला. लोक खुर्च्या आणि गाद्या वेळेवर परत करत नाहीत आणि तुमची पेटी त्यांना आपणहून मेसेज का पाठवत नाही, असं त्याचं म्हणणं. फोन आवेजने घेतला होता. त्याने वीस मिनिटं समजावलं. चैताली समोरच्या टेबलावर मान खाली घालून ऐकत होती.

मॅनेजर ऐकेना, तेव्हा आवेजने त्याला सेटिंग कुठं असतं ते सांगितलं. फक्त चालू करण्याआधी एक करा म्हणाला. यादी अशा कुणाला तरी दाखवा, ज्याला त्यातली सगळी माणसं ओळखीची आहेत.

मॅनेजर म्हणाला, तसं कुणी आमच्याकडे नाही.

“मग राहू द्या बंदच,” आवेज म्हणाला.