सासऱ्याची शिकवणी

व्यंकटराव शाळेतल्या क्लार्कीतून निवृत्त झाले तोवर त्यांना सायकलीपलीकडं काही चालवता येत नव्हतं. जवळा बाजार या आपल्या गावाहून औंढ्याला जायचं तर जीप, हिंगोलीला एसटी, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलपुढं तोंड वेंगाडायचं. जन्मभर ते केलं आणि आता त्याचा वीट आला होता.

अशात मुलगा श्रेयस कंपनीच्या कामासाठी वर्षभर चेन्नईला गेला आणि त्याची स्पोर्ट्स बाईक अंगणात उभी राहिली. लाल, जाड टायरांची, झेप घ्यायला वाकल्यासारखी. व्यंकटराव येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचे.

"त्या धुडाच्या नादी लागू नका," गंगूताई म्हणायच्या.

"काहून? मी काय लेकरू हाय?"

एका रविवारी गंगूताई देवळात गेल्या आणि यांनी गाडी ढकलत बाजाराच्या मैदानावर नेली. बाजाराचा दिवस नव्हता, मैदान मोकळं होतं. मोबाइलवर बघून सगळं पाठ केलेलं. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच हळूच सोडायचा. पण तो हळू सुटलाच नाही, आणि घाबरून त्यांनी ॲक्सिलरेटरची मूठ आणखीच पिळली. गाडी गोऱ्हं उधळावं तशी उधळली, दगडावर आदळली आणि त्यांच्या पायावर आडवी झाली.

कडेला भाजीचं पाल लावून बसलेली पंचफुलाबाई धावली. दोघांनी जोर लावला तरी गाडी हलेना. शेवटी तिनं व्यंकटरावांच्या घरी फोन केला.

सून पुनम गावातल्याच शाळेत मास्तरीण होती, म्हणून ती नवऱ्यासोबत गेली नव्हती. ती पळतच आली. आता सगळं गाव ऐकेल असं बोलणार, म्हणून व्यंकटरावांनी मान खाली घातली.

"मामा, बोटं हलवून दाखवा," एवढंच ती म्हणाली. बोटं हलली. मग तिनं गाडीकडं पाठ केली, हँडल आणि सीटखालची पट्टी धरली, आणि पायांच्या जोरावर मागं रेटत गाडी उभी केली.

व्यंकटराव बघतच राहिले. "तुला येते ही चालवता?"

"व्हय. माहेरी बाबांनी शिकवलं. आधी जुनी हलकी गाडी, मग बुलेट."

"कधी बोलली न्हाईस ते?"

"कुणी विचारलंच न्हाई की."

व्यंकटराव खरचटलेला कोपर चोळत म्हणाले, "म्हण एकदाचं, या वयात तुमाला जमणार न्हाई म्हणून."

"जमंल की. पण पहिलीच गाडी ही नको. मूठ जराशी जास्त पिळली की ही अंगावर येते. शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालणारी गाडी पाहिजे, मामा."

दुसऱ्या आठवड्यात पुनमच्या वडिलांची, वैजनाथरावांची जुनी हलकी गाडी शिरड शहापूरहून टेम्पोत आली. शाळा सुटली की सून आणि सासरे मैदानावर. गाडी दहादा बंद पडायची. "चाकाकडं नका बघू, जायचंय तिकडं बघा," पुनम शेजारून चालत सांगायची. ती एकदाही हसली नाही. बाजारातली माणसं मात्र खुशाल हसायची. व्यंकटरावांना पहिल्यांदा लाज वाटली, पुढं वाटेनाशी झाली.

हिवाळ्यात पक्कं लायसन्स हातात आलं. त्या दिवशी व्यंकटराव पुनमला म्हणाले, "श्रेयसला मी फोन केलाय. ती लाल गाडी तो येईपर्यंत तू चालवायची. तुझ्याच हाताची हाय ती."

पुनम मान डोलावून पटकन आत गेली.

रविवारी दोघं हेल्मेट घालून शिरड शहापूरला निघाले. पुढं सासरे सावकाश, मागं लाल गाडी आवरत सून. दोन्ही कडांना तूर फुलली होती. वैजनाथराव आवाज ऐकून बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले.

व्यंकटरावांनी हेल्मेट काढलं आणि हात जोडले. "इवाई, तुमी पोरीला शिकवलं, म्हणून आज मी माझा मी आलो. लई उपकार झाले."

"अहो, हात कशाला जोडता," वैजनाथराव गडबडले. "पोरीच्या हातात गाडी काहून देतो म्हणून लोक नावं ठेवायचे मला."

"ठेवू द्या. मला तर बराबर वाटलं तुमचं."

वैजनाथरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि आत बायकोला हाक दिली, "मनकर्णा, च्या नको. भाकरी टाक. जेवूनच जातील हे."