बालवर्गाची परात

मी एक परात. पितळेची नव्हे, साधी ॲल्युमिनियमची. भांड्यांच्या खानदानातली गरीब शाखा. ज्या कारखान्यात माझा पत्रा दाबून मला आकार दिला, तिथेच माझ्या काठाला एक पोचा आला. दुकानदाराने त्यामुळे मला सगळ्यात मागे ठेवलं होतं. बाईंनी मला शोधून काढलं, बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोचा असू दे. पोरं कुठे पत्रिका जुळवणार आहेत!"

बाईंचा बालवर्ग सूतगिरणीच्या मागच्या गल्लीत होता. दोन खोल्या आणि वर गच्ची. गिरणीत कामाला जाणाऱ्या आया सकाळी लवकर पोरांना सोडून जायच्या. घरून खाऊन आलेली पोरं थोडी, अर्धवट झोपेत आलेलीच जास्त. गाणी म्हणून झाली की पोटं बोलायला लागायची. मग स्वयंपाकाच्या खोलीतून वहिनी मला घेऊन यायच्या.

वहिनी म्हणजे बाईंच्या भावजय. भाऊ गेल्यावर या नणंद-भावजया एकमेकींना धरून राहिल्या होत्या. बाई त्यांना वहिनी म्हणत, म्हणून साडेतीन वर्षांची पोरंही त्यांना वहिनीच म्हणायची. आयाही म्हणायच्या. भाजीवालासुद्धा "वहिनी, आज केळी डागाळलीत, घेऊन जा" म्हणायचा. डागाळलेली केळी आतून किती गोड असतात, ते मला विचारा.

पैसा बेताचा, त्यामुळे बाजारात जे ढिगाने असेल ते माझ्यात असायचं. उकडलेली रताळी. मक्याचे वाफवलेले दाणे. बटाटा उकडून वहिनी पोरांपुढे ठेवायच्या, मग पोरंच तो हाताने कुस्करायची, त्यात मीठ आणि लिंबू पडायचं. स्वतः कुस्करलेला बटाटा कुणी टाकत नाही, हे वहिनींचं शास्त्र. शिळा पाव भाजून त्यावर गाजराचा कीस घालायच्या. भोपळ्याला पोरं नाकं मुरडायची, तर त्या म्हणायच्या, "खाऊ नकोस. नुसता वास घे आणि शेजाऱ्याला सांग कसा आहे." वास घेता घेता भोपळा गायब व्हायचा.

पोरं माझ्याभोवती गोल बसायची. इतके हात एकदम अंगावर आले की मला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं.

त्या गोलात एक मुलगी यायची. तिची आई दूरच्या शहरात एका इस्पितळात कामाला गेली होती. बाप ट्रकवर, म्हणून ती आजोबांकडे राहायची. तिला वाढलं की ती थोडं खायची आणि उरलेलं हळूच फ्रॉकच्या खिशात घालायची. माझ्या काठाशीच बसायची, त्यामुळे मला दिसायचं. पण परातीने सांगायचं कुणाला?

एके दिवशी ती मांडी खाजवत रडायला लागली. वहिनींनी खिसा उलटा केला. आत केळ्याचा लगदा, रताळ्याची साल आणि मुंग्यांची जत्रा.

वहिनी रागावल्या नाहीत. फ्रॉक पिळून वाळत घातला, तिला दुसऱ्या कुणाचा तरी सदरा चढवला आणि हे कुणासाठी, म्हणून विचारलं.

"आईसाठी," ती म्हणाली. "ती आली की तिला भूक लागलेली असेल."

 वहिनींनी तिला उचलून ओट्यावर बसवलं. "केळं टिकत नाही गं. आपण टिकेल असं करू."

बाजारात तेव्हा मार लागलेली सफरचंदं ढिगाने होती. वहिनींनी त्यांच्या चकत्या केल्या, लिंबाच्या पाण्यात बुडवल्या आणि माझ्या अंगभर पसरल्या. वर पातळ कापड बांधलं आणि मला गच्चीत उन्हात नेऊन ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही सांभाळत होते, जे त्याच दिवशी संपणार नव्हतं. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून राखण करायची. वहिनी तिला खारूताई म्हणू लागल्या. ऊन कमी पडलं की खारूताई आभाळाकडे रागाने बघायची. चकत्या आक्रसल्या, चामड्यासारख्या चिवट झाल्या. मग त्या काचेच्या बरणीत गेल्या.

मग काय, सगळ्यांनाच कुणा ना कुणासाठी ठेवायचं होतं. कुणी धाकट्या भावासाठी, कुणी घरच्या कुत्र्यासाठी. मी आठवडाभर गच्चीतच मुक्कामाला असायची. स्वस्तातला, हवा तेव्हा काढून देता येणारा खाऊ झाला म्हणून बाई खूश होत्या. पण खारूताईच्या बरणीकडे पाहून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा पोरं निजलेली असताना त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तिची आई कधी येणार, ते आजोबांनाही ठाऊक नाही. बरणी भरली आणि ती आलीच नाही तर?"

वहिनी मला घासत होत्या. "तर दुसरी बरणी आणू," त्या म्हणाल्या.

दुसरी बरणी आणावी लागली. तीही अर्धी झाली.

आई आली ती ऐन खाऊच्या वेळी. हातात पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. दारातच थबकली. पोरांच्या गोलात आपली कोणती, हे तिला क्षणभर कळलं नसावं. पोरं भराभर वाढतात. खारूताईने तिच्याकडे पाहिलं आणि उठून ती वहिनींच्या मागे लपली. त्या आईचं तोंड तेव्हा कसं झालं, ते मला सांगता येणार नाही.

वहिनी तिथून हलल्या असत्या तर काय झालं असतं, कोण जाणे. त्यांनी फक्त फळीवरची बरणी काढली आणि मागे हात करून तिच्या हातात दिली. "पाहुणीला भूक लागली असेल बघ," त्या म्हणाल्या.

खारूताई बरणी छातीशी धरून दारापर्यंत गेली. एक चकती काढून तिने वर धरली. आई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि खाऊ लागली. खाता खाता तिला रडू कोसळलं. रडणं आवरलं, चकती मात्र चावून संपेना, इतकी ती चिवट होती. तिची ती धांदल पाहून खारूताईला हसू आलं. ते हसू आलं आणि ती आईच्या मांडीत शिरली.

चार दिवसांनी आई तिला घेऊन गेली. आता तिला त्या शहरात राहायला खोली मिळाली होती. व्हायला हवं होतं तेच झालं, असं बाई म्हणाल्या. वहिनीही म्हणाल्या. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात रताळ्याचे काप मांडले, तेव्हा एक वाटा जास्तीचा झाला. तो कुणाला द्यायचा ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो स्वतः, उभ्यानेच, खाल्ला.

पुढे गिरणी गावाबाहेर गेली. तिच्यामागे आया गेल्या, पोरं गेली. बाईंनी लाकडी घोडा, चित्रांची पुस्तकं देऊन टाकली. मला न्यायलाही एक जण आला होता. वहिनी म्हणाल्या, "ती राहू दे, लागते मला." कशाला लागते ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलंही नाही.

हल्ली मी ओट्याखाली भिंतीला टेकून उभी असते. दोन माणसांच्या घरात माझ्याएवढ्या परातीचं काम नसतं. तरी वहिनी कधीमधी मला काढतात, पुसतात, मधोमध थोडी फळं चिरून ठेवतात. बाकीची मी सगळी रिकामी.

परवा द्राक्षं आणली होती. वहिनींनी एकेक द्राक्ष उभं चिरलं. बाई पाहत होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पोरांसारखी आपल्या घशात नाही अडकत द्राक्षं."

वहिनींची सुरी थांबली. "हाताला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या, आणि पुढचं द्राक्ष उचललं.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या आसपास एखादी खोली असेल, जिथे सकाळी दहाच्या सुमाराला लहान पोटं बोलायला लागतात, तर मला मागायला या. मी जड नाही, एका हाताने उचलता येते. पण मला एकटीला नेऊ नका. दारातूनच हाक मारा, "वहिनी, तुम्हीही चला." त्या आधी नाही म्हणतील. जरा थांबा. चपला शोधायला त्यांना वेळ लागणार नाही.