एका हाताने उघडणारी बॅग

माईंनी अंगठा खटक्यावर टेकवला आणि दाबला. अंगठा घसरला. त्यांनी पुन्हा टेकवला, या वेळी डोळ्यांनी नीट बघून, आणि चेहऱ्यावर मात्र वस्तू सहज पारखून पाहणाऱ्या बाईचा निवांतपणा ठेवला. खटका काही दाद देईना.

"भपकेबाज आहे," असं म्हणून त्यांनी बॅग काउंटरवरून परत सरकवली. "पितळेचं एवढं मोठं धूड कशाला लावलंय? दाराची कडी आहे का ही?"

दुकानदाराने बॅग मुकाट्याने मागच्या फळीवर ठेवली. याआधीच्या एकीचा रंग आवडला नव्हता, एकीचे बंद लांब होते, एकीची चेन कुरकुरत होती. सगळी कारणं ऐकायला ठीकठाक होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

खरं कारण माईंच्या उजव्या हातात होतं. हिवाळ्यात एका सकाळी डोक्यातल्या कुठल्याशा बारीक नसेने दगा दिला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालावं लागलं. मग एकेक करून सगळं परत आलं. आधी पाय आला, मागून बोलणं आलं, आणि ते पहिल्याच दिवशी इतक्या जोरात आलं की घरातल्यांना आनंद मानावा की कानांत बोळे घालावेत ते कळेना. परत आली नाहीत ती फक्त अंगठ्याची आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं. बोटं हलत होती, वळत होती, वस्तू उचलत होती. पण काय उचललंय ते माईंना सांगत नव्हती. आणि माईंनीही याबद्दल कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

सांगितलं असतं तर उद्या कामावर जाता आलं नसतं. माई सुईण होत्या. डॉक्टरबाईंच्या प्रसूतिगृहातून दिवस भरलेल्या बायकांच्या घरी जायचं, बाळंतपण करायचं, आणि पुढचे काही दिवस आई नि मूल दोघांकडे बघून यायचं, यातच त्यांचा जन्म गेला होता. आजारपण संपवून त्या उद्या पुन्हा रुजू व्हायच्या होत्या. डॉक्टरबाईंनी एकच अट घातली होती, तीही माई आणि त्यांची सून अशा दोघींना समोर बसवून, हसत हसत.

"माईंचं मी ऐकायची नाही. त्या खाटेवरून पडल्या तरी ठणठणीत आहे म्हणतील. हात बरा झालाय की नाही, ते मला सून सांगेल."

सुनेला ते सांगणं सहज जमणार होतं, कारण तीही सुईणच होती. माईंच्याच हाताखाली शिकलेली. आणि आत्ता ती माईंच्या शेजारी स्टुलावर बसून, हनुवटी तळहातावर टेकवून, त्यांच्या हाताकडे बघत होती. की बॅगेकडे बघत होती? सकाळपासून माईंना तेवढंच कळत नव्हतं. पोरगी स्वभावाने गरीब, पण नजर अशी की दुधात पडलेला केसही सुटायचा नाही. ती नजर माईंनीच तयार केली होती. आता ती त्यांच्यावरच रोखलेली होती.

"आजी, तुम्हाला नेमकी कशी हवी ते तरी सांगा," दुकानदार म्हणाला.

"आजी म्हणालात तर आत्ता उठून जाईन."

"बरं, ताई."

"प्रशस्त हवी. चामड्याचीच हवी, पुसली की स्वच्छ होणारी. खाली ठेवली की आपल्या बुडावर उभी राहिली पाहिजे. कापडी बॅगा मेल्या टेकल्या की लोळण घेतात. आणि एका हाताने उघडली पाहिजे."

"एकाच हाताने? दुसऱ्या हाताला काय काम असतं?"

"दुसरा हात बाईच्या पोटावर असतो," सून म्हणाली.

दुकानदार जरासा लाजला आणि शिडी घेऊन वर चढला. त्याने एक तपकिरी बॅग खाली आणली, तिच्यावरची धूळ फडक्याने टिपली आणि ती काउंटरवर ठेवली. बॅग ठाण मांडून उभी राहिली. तोंड रुंद होतं, आणि खटक्याच्या जागी चामड्याची एक जाडशी पट्टी होती, आतून लोहचुंबक लावलेली. माईंनी पट्टीला तळहाताची कड लावून वर ढकललं. बॅग उघडली. बोटांची गरजच पडली नाही.

माईंचा श्वास मोकळा झाला. त्यांनी बॅग बंद केली, पुन्हा उघडली. आत दोन्ही बाजूंना खण होते, मधली जागा मोठी होती, डबा, छत्री, कामाचं सामान, घरी जाताना घेतलेली भाजी, सगळं मावलं असतं. शिवण दुहेरी होती. ही बॅग घेऊन कोणाच्याही दारात उभं राहिलं तर माईंच्या हाताला काही झालंय अशी शंकाही येणार नव्हती.

"हीच," माई म्हणाल्या. "बांधा."

"थांबा ना, आई," सून म्हणाली. "अशी कशी बांधा? परीक्षा राहिली की."

"कसली परीक्षा?"

"वा! जिच्यात मला रडवलं होतंत ती."

माईंना आठवत नव्हतं असं नाही. त्यांच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलीची त्या ही परीक्षा घेत. डोळे मिटायचे, डावा हात टेबलावर पालथा ठेवायचा, जणू कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर आहे, आणि माई जे मागतील ते उजव्या हाताने बॅगेतून पहिल्या झटक्यात काढून द्यायचं. चाचपडायचं नाही. नजर बाईवरून हलवायची नाही म्हणून बॅग बोटांनी वाचता आली पाहिजे, असं त्या म्हणत. सुनेला त्यांनी दोनदा नापास केलं होतं, आणि ते ती सून होऊन घरात आल्यावर. तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

"दुकानात कसले तमाशे," माई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"दुकानात आहे कोण? हे दादाच तर आहेत." सुनेने आपली पर्स उघडून तिच्यातलं सामान नव्या बॅगेत टाकायला सुरुवात केली. किल्ल्यांचा जुडगा, चष्म्याची डबी, रुमाल, पेन, थर्मामीटरची नळी, कंगवा. ती हसत होती. हसू खरं होतं की आतून काही वेगळं चाललं होतं, हे ओळखायला माईंना एरवी क्षण लागला नसता. आज त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

नाही म्हणण्यासारखं कारण सुचेना. सुचलं असतं तरी ते कारणच चुगली करणार होतं.

माईंनी डोळे मिटले आणि डावा हात काउंटरवर पालथा ठेवला.

"किल्ल्या," सून म्हणाली.

माईंनी हात आत घातला आणि जरा हलवला. किल्ल्या वाजल्या. त्यांनी आवाजाच्या दिशेने मूठ आवळली आणि जुडगा वर काढला.

"चष्म्याची डबी."

डबी मोठी होती, टणक होती, तळहाताला लागली. तीही निघाली. दुकानदाराने "वा!" म्हटलं.

"पेन."

माईंचा हात पुन्हा आत गेला. तळाशी काहीतरी होतं. लांब होतं, एवढं मनगटाच्या अंदाजाने कळलं. पण पेन की थर्मामीटर? दोन्हींची जाडी सारखी, फक्त पेनाला टोपणाची पट्टी. बोट तिच्यावरून फिरलं असतं तर चिमुकल्या मुलीनेही सांगितलं असतं. माईंनी बोट फिरवलं. काहीच नाही. जाड गोधडीतून कोणीतरी दुसराच हात घालतोय, असं वाटलं. त्यांनी दुसरी वस्तू चिमटीत धरली. तीही तशीच. आता चाचपडणं दिसायला लागलं असतं.

माईंनी डावा डोळा किलकिला केला. निळं टोपण दिसलं. त्यांनी पेन उचललं आणि काउंटरवर ठेवलं.

दुकानदाराने टाळ्या वाजवल्या. "मानलं बुवा, ताई!"

"पास," सून म्हणाली, आणि खाली मान घालून आपलं सामान पर्समध्ये भरू लागली.

जिंकल्याचा आनंद माईंना झाला, नाही असं नाही. बॅग बांधून होईपर्यंत तो टिकलाही. उद्या सकाळी ओळखीच्या जिन्यांवरून वर जायचं, दार उघडणाऱ्या घाबऱ्याघुबऱ्या नवऱ्याला आधी पाणी तापत ठेवायला पाठवायचं, कारण पाणी लागो न लागो, नवरा कामाला लागला की बाई निम्मी सुटते. सगळं परत मिळालं होतं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मात्र त्यांचे पाय रेंगाळले. समोर झाडाखाली बाक होता. त्या जाऊन बसल्या आणि बॅग मांडीवर घेतली.

"दमलात?" सून शेजारी बसली.

"मी डोळा उघडला होता."

सून रस्त्याकडे बघत राहिली. "माहितीये."

"मग पास कसं केलंस?"

एक बस आली, थांबली, माणसं उतरली, बस गेली.

"डॉक्टरबाईंना मी कालच सांगितलंय," सून शेवटी म्हणाली. "हात अगदी ठणठणीत आहे म्हणून."

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं?"

"कपाला हात लावायच्या आधी तुम्ही त्याच्याकडे बघता, आई. बटण लावताना आरशासमोर जाता. पूर्वी अंधारात सुई ओवायचात. कधीचं कळलंय मला."

माईंना आधी शरमल्यासारखं झालं. मग राग आला, आणि रागाने त्यांना बरंच वाटलं, कारण शरमेपेक्षा रागात त्यांना सहज वावरता येत होतं.

"मग खोटं का सांगितलंस बाईंना?"

"काय करू? तुम्ही दिवसभर खिडकीत बसता. खाली कोणी पोटुशी बाई दिसली की चाल बघून महिना सांगता, आणि ऐकायला घरात कोणी नसतं. मला नाही बघवत ते." तिने डोळे पुसले. "म्हटलं, मी असेनच बरोबर. सांभाळून घेईन."

"आणि नसशील तेव्हा?"

"असेन."

"तुला दोनदा नापास का केलं होतं मी?"

"आता ते कशाला?"

"का केलं होतं?"

माईंचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता. त्या आवाजापुढे लबाडी चालत नसे. सून ताठ बसली.

"बोटं घाई करत होती म्हणून."

"डोकं बाहेर आलं. आता गळ्याभोवती नाळ आहे की नाही, हे कसं बघायचं?"

"आई..."

"कसं बघायचं?"

"बोट घालून."

"डोळा किलकिला करून दिसते?"

"नाही."

"मोठा केला तर?"

सुनेने मान हलवली. तिच्या नाकातून पाणी यायला लागलं होतं आणि रुमाल सापडत नव्हता. माईंनी आपला पुढे केला. मग बराच वेळ त्या नव्या चामड्याकडे बघत बसल्या. बॅग खरोखर छान होती. माणसांना फसवायला तिच्यासारखी दुसरी मिळाली नसती. फसणार नव्हतं ते फक्त जन्माला येणारं पोर.

"बाईंना फोन लाव," त्या म्हणाल्या.

"आत्ता? घरी जाऊन शांतपणे..."

"घरी जाईपर्यंत माझं मन फिरेल. लाव."

सुनेने फोन लावला आणि माईंच्या हातात दिला. पलीकडून डॉक्टरबाईंचा घाईचा, मोठा आवाज आला, तो शेजारी सुनेलाही ऐकू येत होता.

"बोल गं! आहेत ना उद्या माई? मी त्यांचं नाव लावून ठेवलंय."

"मीच बोलतेय, बाई. येणार आहे उद्या. पण बाळंतपणाला माझं नाव लावू नका. बाळंत झालेल्या बायकांकडे जाईन, त्यांना बघेन, पोरं न्हाणीन, पाजायला शिकवीन. पोर बाहेर काढायला दुसरं कोणी पाठवा."

पलीकडचा घाईचा आवाज खाली आला.

"हात?"

"टोकं बधिर आहेत. पहिल्या दिवसापासून."

"पण सुनेने तर मला सांगितलं..." बाईंचा आवाज बदलला. "अहो, काल तिला मी दोनदा विचारलं. असल्या बाबतीत ती खोटं बोलली असेल तर तिला तरी मी कामावर कशी..."

सून पांढरी पडली. तिने फोन घेण्यासाठी हात पुढे केला.

"तिला काय कळतंय?" माई म्हणाल्या. "मी कळू दिलं तर ना! आज दुकानातसुद्धा पोरीला पद्धतशीर फसवलं. विचारा हवं तर दुकानदाराला, टाळ्या वाजवल्या त्याने."

"नाही, बाई, मी..." सून बोलायला गेली, तेवढ्यात माईंनी उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं. पकड पुरेशी घट्ट आहे की नाही ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्या सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या.